ईयोबाच्या तोंडावरचा हात

नम्रता म्हणजे काय, असे विचारले तर आमच्या धर्मग्रामांतून बहुधा एकच उत्तर मिळते : देवापुढे तोंड उघडू नये. घरात अकाली मृत्यू झाला की सांत्वनाला आलेली मंडळी हेच सांगतात आणि दाखला देतात तो ईयोबाचा. वस्तुतः हा सोशीक ईयोब बेचाळीस अध्यायांच्या ग्रंथात पहिल्या दोन अध्यायांपुरताच भेटतो. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे प्रत्यक्ष देवाशी वाद मांडतो.

याउलट अलीफज, बिल्दद आणि सोफर या मित्रांची भाषा किती सोज्वळ! त्यांची कित्येक वाक्ये प्रार्थनापुस्तकात खपून जातील. तरीही अखेरीस परमेश्वराचा कोप होतो तो त्यांच्यावर. माझ्याविषयी योग्य ते बोलला तो माझा सेवक ईयोब, असा निवाडा तो देतो. (सहा अध्याय अखंड बोलणाऱ्या अलीहूचा तर या निवाड्यात उल्लेखही नाही. लांब प्रवचने करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

मग ईयोब नमतो तो कशापुढे? अडतिसाव्या अध्यायापासून परमेश्वर वादळातून बोलू लागतो, आणि त्याच्या बोलण्यात ईयोबाच्या मेलेल्या लेकरांविषयी एक अक्षरही नाही. आहेत ते प्रश्न. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? रानबकऱ्या केव्हा वितात हे तुला ठाऊक आहे काय? जेथे मनुष्यवस्ती नाही अशा ओसाड रानावरही पाऊस पडतो. अंडी जमिनीवर टाकून जाणारी वेडी शहामृगी घोड्याला मागे टाकून धावते. काही समीक्षकांना हे भाषण म्हणजे बलवंताने दुर्बळाला भरलेला दम वाटतो. ईयोबाची कानउघाडणी येथे आहेच. परंतु ज्याला केवळ धाक घालायचा आहे तो रानबकरीच्या वेणांपाशी थांबणार नाही. आपला गोठा कौतुकाने दाखवणाऱ्या घरधन्याचा सूर आम्हांला येथे ऐकू येतो.

चाळिसाव्या अध्यायाच्या आरंभी ईयोब तोंडावर हात ठेवतो व आता बोलणार नाही म्हणतो. मौन हीच नम्रता असती तर ग्रंथ तेथेच संपावयास हवा होता. तो संपत नाही. परमेश्वर पुन्हा बोलतो, बेहेमोथ आणि लिव्याथान हे प्रचंड प्राणी पुढे उभे करतो, आणि ईयोबाला पुन्हा तोंड उघडायला लावतो. तेव्हा तो म्हणतो, आजवर तुझ्याविषयी कानांनी ऐकले होते, आता डोळ्यांनी पाहिले. आमच्या मते या ग्रंथातील खरी उपासना येथे सुरू होते. पहिल्या उत्तरात तो केवळ स्वतःच्या क्षुद्रतेविषयी बोलला होता. दुसऱ्यात त्याची दृष्टी देवाकडे वळली आहे.

त्यापुढचे वाक्य मात्र भाषांतरकारांची कसोटी पाहणारे आहे. मूळ हिब्रूत 'झिडकारणे' या अर्थाचे क्रियापद आहे, पण कशाला झिडकारतो ते सांगितलेले नाही. अनेकांनी तेथे 'स्वतःला' हे कर्म पदरचे घातले. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरातही ईयोब स्वतःलाच दोष देतो. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुटिएरेझ यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ईयोबावरील ग्रंथात वेगळा अर्थ लावला : ईयोब धूळ आणि राख, म्हणजे आपला विलाप, मागे सोडतो. इतके निश्चयाने बोलण्यास आम्ही धजत नाही. तथापि दुसरे क्रियापद त्यांच्या बाजूने साक्ष देते. त्याचा अर्थ पश्चात्ताप करणे असा होतो, तसाच सांत्वन पावणे असाही. मित्र ईयोबाकडे ज्या हेतूने आले होते तो सांगतानाही ग्रंथकर्त्याने हाच धातू वापरला आहे. शिवाय 'धूळ व राख' ही जोडी उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहामाच्या तोंडी येते. स्वतःला धूळ व राख म्हणवणारा तो कुलपिता त्याच वेळी सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करीत होता, पन्नासांवरून दहांपर्यंत!

शेवटी मित्रांना सात गोऱ्हे व सात एडके घेऊन ईयोबाकडे जावे लागते, आणि त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना केल्यावरच देव त्यांना क्षमा करतो. गुरेढोरे, लेकरे, मानमरातब हे सारे ईयोबाला परत मिळते ते त्यानंतर. प्रार्थना करताना त्याच्या हाती यांपैकी काहीही नव्हते, आणि त्याच्या अंगावरची गळवे बरी झाल्याचा उल्लेख ग्रंथात कोठेही नाही.