कोपरा राखणाऱ्याची किंमत

कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर उभा असलेला खेळाडू चाळीस मिनिटांत फार तर सात-आठ वेळा आपल्या नजरेत भरतो. बाकीच्या वेळात डोळे चढाईपटूवर खिळलेले असतात. मला मात्र या खेळातली खरी गंमत त्या बाकीच्या वेळातच वाटते, आणि एखादा पोरगा पुढे जाईल की नाही हेही तिथेच कळतं.

एकच चढाई सावकाश बघू. तीस सेकंदांची मुदत. मैदानात सात बचावपटू, म्हणजे बोनस चालू. चढाईपटू निदान रेषा ओलांडून कोपऱ्याकडे सरकतो आणि उजव्या पायाचा चवडा बोनस रेषेकडे टाकतो. हा चवडा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. कच्चा कोपरा त्यावर झेपावतो. पाय मागे गेलेला असतो, पाठीवर हात पडतो, गुण जातो आणि गडी बाहेर. मुरलेला कोपरा अर्धं पाऊल मागे घेतो, शेजारच्याचा हात सोडत नाही आणि कमरेत वाकून राहतो. तो पायाकडे बघतच नाही, गुडघा आणि कंबर बघतो, कारण अंगाचा भार कुठे आहे ते तिथे कळतं. टाच टेकली, भार त्या पायावर आला, की मग दोन्ही हात घोट्यावर. ओढायचं ते अंतिम रेषेकडे, म्हणजे मध्यरेषा लांब राहते. तेवढ्यात कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा, म्हणजे कव्हरचा गडी येऊन कंबर धरतो. टाळ्या बऱ्याचदा त्यालाच मिळतात.

पण चवडा टाकून चढाईपटूला काहीच मिळालं नाही, तो दुसऱ्या बाजूला वळला आणि हात हलवत परत गेला, तर? ती चढाई रिकामी लिहिली जाते. कोपऱ्याच्या नावावर काही जमा होत नाही. अशा दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत समोरच्याला गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. त्या तिसऱ्या चढाईत पकड झाली की पकडणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. आधीच्या दोन चढाया कोणी कोरड्या घालवल्या, हे कोणी विचारत नाही.

प्रो कबड्डीचा बाजार आकड्यांवर चालतो. उत्तर प्रदेशच्या संघाकडून उजवा कोपरा खेळणाऱ्या नितेश कुमारने सहाव्या हंगामात पकडीचे १०० गुण केले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिलाच बचावपटू. इराणचा मोहम्मदरेझा शादलू पाटण्याने ३१ लाखांना घेतला होता. २०२३च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि त्या हंगामात विजेतेपदही मिळवलं. शादलू बघायला थरारक. तो कोपरा सोडून पुढे घुसतो, मांडीला मिठी मारतो. पण मला विचाराल तर शिकण्याजोगा खेळ त्याच्याच देशाच्या फझल अत्राचलीचा. २०१८मध्ये एक कोटीचा आकडा गाठणारा या लीगमधला पहिला खेळाडू तोच. फझल समोरच्याला आत येऊ देतो, आणखी आत येऊ देतो, आणि परतीची वाट लांब झाली की मग उठतो.

आता आमच्याकडे येतो. मेहकर हे भालकी तालुक्यातलं गाव. घरात मराठी, जिल्हा बीदर, आणि निवड झालीच तर ती कर्नाटकाच्या संघात. समजा, इथल्या एखाद्या लहान पदवी कॉलेजातल्या पोराने आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आठ पकडी केल्या. गावाला वाटतं, झालं, पोरगं टीव्हीवर दिसणार. माझं मत जरा कडू आहे. समोरचे चढाईपटू तीन, त्यांची चाल एकच, आणि खेळ मातीवर. मॅटवर बुटांची पकड घट्ट बसते, चढाईपटूचं वळण जास्त जलद होतं, आणि मातीवर जमलेली झेप तिथे क्षणभर उशिरा पोचते. आठ पकडींवरून ताकद कळते. लिलावात शेवटच्या गटाची पायाभूत किंमतही ९ लाख असते. तेवढे पैसे नुसत्या ताकदीवर कोणी लावत नाही.

मी त्या पोराच्या पकडी मोजणार नाही. पहिल्या दहा मिनिटांनंतर चढाईपटू त्याची बाजू टाळू लागले का, हे बघेन. मैदानात तिघेच उरले की अव्वल पकडीचे दोन गुण खुणावतात. तेव्हा तो हावरटासारखा उडी मारतो का? बाद होऊन परत आल्यावर पहिल्या चढाईत त्याचे पाय जागेवर असतात का? हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर असताना खेळ कितीतरी वेळ थांबला. वाद होता भारताचा चढाईपटू पवन सेहरावत मैदानाच्या कडेच्या लॉबीत गेल्याचा आणि त्याच्यामागे गेलेल्या बचावपटूंचा. सुवर्णपदक जागेवरून हललेल्या पावलांवर येऊन अडकलं होतं! भारताने तो सामना ३३-२९ असा जिंकला.

लहान कॉलेज म्हणजे अडसरच, असंही नाही. अमेरिकन फुटबॉलमधला सॅम मिल्स मॉन्टक्लेअर स्टेट या छोट्या कॉलेजचा बचावपटू. उंची पाच फूट नऊ इंच. १९८१मध्ये एकाही संघाने त्याला निवडलं नाही, मधल्या काळात त्याने शाळेत शिकवलं. २०२२मध्ये त्याचं नाव तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये लागलं. त्याची उंची मोजणाऱ्यांना, तो चाल आधी ओळखतो हे मोजता आलं नव्हतं.

म्हणून भालकी-बसवकल्याणकडच्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. पोराच्या पकडींचे तुकडे जोडून, वर गाणं लावून व्हिडिओ पाठवू नका. मोबाइल मागच्या बाजूला उंचावर लावा, साती गडी दिसू द्या आणि चाळीस मिनिटांचा अख्खा सामना पाठवा, हरलेला असला तरी.