खर्च झाला म्हणजे काय झालं? ई-ग्रामस्वराजचे आकडे वाचताना

ग्रामपंचायतींच्या निधीवर काम करायचं ठरवलंत, तर तुमचा पहिला थांबा ई-ग्रामस्वराज असणार. 24 एप्रिल 2020 ला हे पोर्टल सुरू झालं. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा वापरायचा तर आराखडा त्यावर चढवावा लागतो. देयकही त्यातूनच, पीएफएमएसला जोडून, थेट खात्यात जातं. त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. गावात तिला सरळ 'डोंगल' म्हणतात. पूर्वीच्या चेकबुकाच्या मानानं ही सुधारणा मोठी आहे, हे आधी मान्य करू. पैसा कुठं गेला हे या व्यवस्थेला चांगलं कळतं. त्या पैशानं काय झालं, हे विचारायला ती विसरते.

आपला बुलडाणा जिल्हा घ्या. 2021 ते 2026 साठी आयोगानं ग्रामीण संस्थांच्या निधीतला 60 टक्के भाग बंधित ठेवला: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. घाटावरच्या चिखलीला जे प्रमाण, तेच घाटाखालच्या संग्रामपूरला. पण संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथं प्रश्न पाणी लागण्याचा नाही, लागलेलं पाणी पिण्याजोगं असण्याचा आहे. बोअर घेतलं, मोजमाप पुस्तिका भरली, व्हाउचर निघालं, की हिशेबात काम पूर्ण. पाण्यातल्या क्षारांना व्हाउचरमध्ये जागाच नाही. पाण्याच्या तपासणीचे आकडे जलजीवन मिशनच्या वेगळ्या पोर्टलवर असतात. तिथलं एकक गाव, इथलं ग्रामपंचायत. आणि गट ग्रामपंचायतीत गावं दोन-तीनही असतात. ही जोडणी सरकारी यंत्रणेनं करायची गोष्ट, पण तूर्त ती तुम्हालाच एलजीडी कोड घेऊन हातानं करावी लागेल. (महिना जाईल. तसा वेळ धरूनच प्रस्ताव लिहा.)

उपयोगिता प्रमाणपत्राचंही तेच. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत ते द्यायचं असतं. पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाला, एवढंच ते सांगतं. आणि सांगणारं कार्यालय बहुधा खर्च करणारंच असतं. प्रबंधात याला 'परिणाम' म्हणून वापरलेलं दिसलं की मी पुढचं जपून वाचते.

सर्वात फसवा आकडा मात्र शून्य. महाराष्ट्रात या निधीचे 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला आणि 10 जिल्हा परिषदेला अशी वाटणी आहे. मार्च 2022 मध्ये बुलडाणा जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक आले. लोकनियुक्त सभागृह नाही तर निधी नाही, ही आयोगाची अट. अट लोकशाहीच्या बाजूची आहे खरी, पण निवडणूक लांबली ती आरक्षणाच्या न्यायालयीन वादात. त्यात ना गावकऱ्यांचा हात, ना जिल्हा परिषदेचा. चटका मात्र त्यांनाच बसला.

आता तुमच्या तक्त्यात 2022 नंतर जिल्हा परिषदेच्या ओळी घसरलेल्या दिसतील. ती खर्चाची क्षमता कमी झाल्याची खूण समजलात, तर सगळं रिग्रेशन चुकीच्या दिशेला जाईल. पैसा आलाच नाही तिथं शून्य भरू नका. रकाना रिकामा ठेवा आणि 'प्रशासक काळ' असा वेगळा स्तंभ जोडा. ग्रामपंचायतींसाठीही तेच करा, कारण त्यांच्या निवडणुका एकाच वेळी होत नाहीत. प्रत्येक पंचायतीच्या मुदतीची तारीख तहसील कार्यालयाकडून आधी मिळवा, मग आकडे उतरवायला बसा.