‘स्वमग्न’ ही संज्ञा आणि अध्यापनाची भाषा

‘ऑटिझम’साठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. शब्द म्हणून तो सुघटित आहे. मूळ संज्ञेतील ‘ऑटोस्’, म्हणजे ‘स्वतः’, या ग्रीक पदाशी तो इमान राखतो आणि ‘ध्यानमग्न’, ‘कार्यमग्न’ अशा परिचित समासांच्या पंक्तीत सहज बसतो. परंतु या सुघटितपणातच त्याचा दोष दडलेला आहे. यूजेन ब्लॉयलर यांनी १९११ साली स्किझोफ्रेनियावरील आपल्या ग्रंथात ही संज्ञा वापरली ती बाह्य वास्तवाकडे पाठ फिरविण्याच्या वृत्तीसाठी. पुढे तिचा विषय बदलला, पण मराठी प्रतिशब्दाने जुनी कल्पनाच जतन केली. ‘मग्न’ म्हणजे बुडालेला. बुडालेल्याने वर यावे, आपण काठावरून हाका माराव्यात, एवढेच मग अध्यापकाचे कर्तव्य उरते. अन्य शब्द रूढ होईपर्यंत आम्हीही हाच शब्द वापरणार आहोत. मात्र त्यातून सूचित होणारी कर्तव्याची ही वाटणी आम्हांस मान्य नाही.

या वाटणीला पहिला तडा कॅनर यांच्याच लेखनाने दिला, असे आमचे मत आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९४६ साली त्यांनी अशा मुलांच्या ‘असंबद्ध व रूपकात्मक’ भाषेवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यातील एक मुलगा काही फेकण्याचा मोह झाला की सज्जातून कुत्रा खाली न टाकण्याविषयीचे एक वाक्य स्वतःशीच म्हणे. समोर कुत्रा नाही, सज्जाही नाही. पण तो खेळण्यातला कुत्रा सज्जातून वारंवार खाली टाकी, तेव्हा आईने त्याला त्या शब्दांत मना केले होते, हे कळले की वाक्य चोख लागू पडते. दुसऱ्या एका मुलाच्या लेखी ‘होय’ या शब्दाचा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ असा होता, कारण ‘होय’ म्हटल्यास खांद्यावर घेईन असे सांगूनच वडिलांनी त्याला तो शब्द शिकविला होता. निबंधाच्या शीर्षकातील ‘असंबद्ध’ हे विशेषण या पुराव्यापुढे टिकत नाही. संबंध होता, तो श्रोत्याला ठाऊक नव्हता. कॅनर यांनी हे मूळ प्रसंग चिकाटीने शोधून काढले, ही त्यांची थोरवी. शीर्षक मात्र त्यांनी अडाणी श्रोत्याच्या बाजूने दिले. प्रिझंट आणि डुकन यांनी १९८१ साली ऐकलेले शब्द तत्काळ पुन्हा उच्चारण्याच्या प्रकाराची सात भिन्न प्रयोजने दाखविली. त्यानंतर तरी अशा पुनरुक्तीला निरर्थक पोपटपंची म्हणणे शास्त्राला धरून नाही.

आता विद्यापीठाच्या वर्गाकडे वळू. सर्वच स्वमग्न विद्यार्थी शब्दशः अर्थ घेतात असे नाही. त्यांच्यातील परस्परभेद फार मोठे आहेत. तरीही पुष्कळांची अडचण होते ती आपल्या बोलण्यातील न बोललेल्या भागाने. ‘जमल्यास सोमवारपर्यंत निबंध द्यावा’ या वाक्यातील ‘जमल्यास’ हा केवळ सौजन्याचा अलंकार आहे, हे व्याकरणात कोठेही सांगितलेले नाही. तो खरा मानून बुधवारी निबंध देणारा विद्यार्थी बेफिकीर ठरतो. मौखिक परीक्षेत ‘या सिद्धान्ताविषयी आपण काही सांगू शकाल का?’ असे विचारावे, त्याने ‘होय’ म्हणून थांबावे, आणि परीक्षकाने ते अज्ञान किंवा उद्धटपणा समजावे! सर्ल यांनी १९७५ साली विवरण केलेल्या अप्रत्यक्ष वाक्कृतीचे हे शुद्ध उदाहरण होय. आपण ते शिकवितो आणि गुण मात्र कापतो. ‘आपण’ या सर्वनामाचीही गोष्ट अशीच. ‘आम्ही’पासून ते वेगळे असल्याचा मराठीला रास्त अभिमान आहे, पण वर्गात ‘आता आपण दुसरे प्रकरण पाहू’ यात अध्यापक सामील असतो, ‘आपण हे घरी वाचायचे आहे’ यात तो नसतो.

प्रश्नपत्रिकेची भाषा तर याहून गूढ आहे. ‘थोडक्यात’ म्हणजे पाच ओळी की एक पान? ‘साधकबाधक चर्चा करा’ यात स्वतःचे मत हवे की नको? याची उत्तरे नियमपुस्तिकेत नसतात. ती चहाच्या टपरीवर वरच्या वर्गातील मुलांकडून मिळतात. गजबज सहन होत नाही म्हणून जो तेथे जात नाही, त्याला ती मिळत नाहीत. गुणपत्रिकेत मग विषयाचे ज्ञान मोजले जाते की टपरीवरची हजेरी?

मार्च २०२० नंतर सुरू झालेल्या दूरस्थ वर्गांनी काहींना मोकळा श्वास दिला. व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येऊ लागले, शंका लिहून विचारता येऊ लागली, बाकांचा आवाज आणि दिव्यांचा झगमगाट टळला. पण त्याच वेळी नवे अडथळेही आले. आवाज क्षणभर उशिरा पोहोचत असल्याने आपली पाळी कोणती हे ओळखणे कठीण झाले. सूचना व्हॉट्सॲपवर एक, ईमेलमध्ये दुसरी, अशा विखुरल्या. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती हा यातील सर्वांत अविचारी भाग. चेहरा दिसणे म्हणजे लक्ष असणे, हे समीकरण मुळातच कच्चे आहे. नजर दुसरीकडे असताना अनेकांचे ऐकणे अधिक चांगले होते.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. आकलनातील ही दरी दुहेरी आहे, असे त्यांनी २०१२ साली प्रतिपादिले. त्यांचा सिद्धान्त प्रयोगांनी सर्वांगी सिद्ध झाला आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण कॅनर यांच्या सामग्रीचे सयुक्तिक वाचन त्याच दिशेने नेते. यावर दर्जा खालावेल असा आक्षेप येईल. प्रश्न स्पष्ट केल्याने तो सोपा होत नाही. उलट त्याचे मोघम उत्तर देऊन निभावून नेणे अवघड होते. शिवाय २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाने स्वमग्नतेचा समावेश एकवीस निर्दिष्ट प्रकारांत केला असून वाजवी सोयी पुरविणे हे आता औदार्य राहिलेले नाही. सोय म्हटली की आपल्याला जादा वेळ आणि लेखनिक एवढेच आठवते. अपेक्षित शब्दसंख्या प्रत्येक प्रश्नाखाली छापणे, मौखिक परीक्षेतील प्रश्नांचे स्वरूप आगाऊ लेखी देणे, तासिकेतील बदल एकाच ठराविक जागी कळविणे, यांना खर्च शून्य आहे. ‘टीपा लिहा’ या आज्ञेचा नेमका अर्थ काय, एवढे जरी विभागातील अध्यापकांनी एकत्र बसून ठरविले, तरी त्या बैठकीत आपल्यापैकी किती जणांचे एकमत होते हे पाहण्यासारखे ठरेल.