बॅगनॉल्डचा डबा

एक पत्र्याचा डबा, त्यात निम्मं पाणी, आणि गाडीच्या रेडिएटरपासून त्या पाण्याच्या तळापर्यंत आणलेली एक नळी. सामान एवढंच. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात राल्फ बॅगनॉल्ड आणि त्याचे लष्करी दोस्त कैरोहून फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरू लागले, तेव्हा गाडीच्या कडेला हा डबा बांधलेला असे. त्या मोहिमांचा विषय निघाला की लोक सूर्य-होकायंत्राबद्दल बोलतात, रुतलेल्या चाकांखाली सरकवायच्या पोलादी पन्हळींबद्दल बोलतात. डब्याची बोळवण एका ओळीत होते. कादंबरीकारांनाही तो दिसला नाही. मायकेल ओंडाटजेची ‘द इंग्लिश पेशंट’ याच वाळवंटात, याच मंडळींच्या आसपास घडते. तिच्या वाट्याला विमानं आणि प्रेमप्रकरण आलं. मला विचाराल तर त्या सगळ्या सरंजामातली सर्वांत देखणी कल्पना हा डबाच आहे.

बॅगनॉल्ड (१८९६–१९९०) हा केंब्रिजला शिकलेला अभियंता. पहिलं महायुद्ध पाहिलेला, १९२६ साली इजिप्तमध्ये नेमणूक झालेला. रजा टाकायची, पदरमोड करायची आणि नकाशावर जिथे काहीच काढलेलं नाही तिथे जायचं, हा त्याचा छंद. १९३५ साली त्याने या प्रवासांवर ‘लिबियन सँड्स’ हे पुस्तक लिहिलं, आणि १९४१ साली वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवरचा ग्रंथ. वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना तो ग्रंथ आजही टाळता येत नाही. तेव्हा डबा बांधणारा माणूस साधासुधा हौशी नव्हता.

आता अडचण नीट पाहू, कारण अडचण कळल्याशिवाय उत्तराची गोडी लागत नाही. सुरुवातीच्या गाड्या होत्या फोर्ड मॉडेल टी. बहुतेक मॉडेल टीमध्ये पाण्याचा पंपच नाही. इंजिनाजवळचं पाणी तापलं की हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरच्या माथ्यात शिरतं, नळ्यांतून उतरताना थंड होऊन जड होतं आणि खालून परत इंजिनात येतं. हे चक्र आपलं आपण फिरत राहतं. सपाट रस्त्यावर झकास. मऊ वाळूत मात्र चाक प्रत्येक फुटाला स्वतःसाठी खड्डा करतं आणि त्यातून वर चढत बसतं. गिअर खालचा, इंजिन बोंबलतंय आणि गाडी माणसाच्या चालीने सरकतेय. उष्णता भरपूर तयार होते आणि ती वाहून न्यायला वारा नाही. त्यातही वाईट म्हणजे मागून येणारा वारा. गाडी ताशी वीस किलोमीटरने चालली आहे आणि मागचा वाराही तेवढ्याच वेगाचा आहे, तर रेडिएटरच्या दृष्टीने गाडी बंद खोलीत उभी आहे. पंखा काय हलवेल तेवढंच.

मग पाणी उकळतं. त्या काळचा रेडिएटर दाबबंद नव्हता. जादा पाणी आणि वाफ एका उघड्या नळीतून खाली जमिनीवर जायची. कैरोच्या रस्त्यावर याचं कुणाला काही वाटणार नाही. जिथे दोन विहिरींमध्ये शेकडो किलोमीटर वाळू आहे, तिथे ती वाफ म्हणजे पिण्याचं पाणी. शिवाय मॉडेल टीची आणखी एक खोड आहे. रेडिएटरमधली पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की पाण्याचं चक्र तुटतं. माथ्यात पाणी पोचतच नाही, थंड व्हायला उतरतच नाही, आणि उरलेलं पाणी अधिकच जोरात उकळतं. थोडं गेलं म्हणून बाकीचंही जातं.

अशा वेळी कुणीही मोठा रेडिएटर, मोठा पंखा, चार कॅन जादा पाणी असा विचार करेल. डब्याची चाल वेगळी आहे. तो उष्णतेच्या वाटेला जातच नाही. पाणी उकळणार हे तो गृहीत धरतो, खुशाल उकळू देतो, फक्त त्याला घराबाहेर पडू देत नाही. जमिनीकडे जाणारी ती उघडी नळी वळवून डब्यातल्या गार पाण्यात बुडवली. वाफ नळीतून येते, पाण्यात हुक्क्यासारखी गुडगुडते आणि तिथेच तिचं पाणी होतं.

इथे थोडा हिशेब केला तर मजा वाढते. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. डब्यात दहा लिटर पाणी आहे आणि ते ३० अंश सेल्सिअसला आहे असं धरा. त्याला १०० अंशांवर न्यायला ७०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे साधारण १.३ लिटर पाण्याची वाफ गिळून झाली की डबा स्वतःच उकळायला लागणार. क्षमता अशी बेताचीच. पण या बेताच्या क्षमतेतच खरी खुमारी आहे. डबा उकळला की त्याच्या तोंडातून गरम पाण्याचे शिंतोडे उडतात आणि ते ड्रायव्हरच्या अंगावर येतात. गाडीला तापमान दाखवणारा काटा नसला तरी चालेल. काट्याकडे दुर्लक्ष करता येतं, मांडीवर पडलेल्या उकळत्या पाण्याकडे नाही. ड्रायव्हर थांबतोच.

थांबून काय करायचं? गाडीचं तोंड वाऱ्याकडे वळवायचं आणि बसून राहायचं. इतका वेळ मागून येऊन छळणारा वारा आता रेडिएटरच्या जाळीतून आरपार जातो. आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. वाफेला लागते त्याच्या कितीतरी पट कमी जागा पाण्याला लागते, म्हणून आत पोकळी तयार होते. बाहेरची हवा डब्यातल्या पाण्यावर दाब देत असतेच. जेमतेम एका मिनिटात नळीतून घोट घेतल्यासारखा आवाज येतो आणि डब्यात जमलेलं पाणी उलट दिशेने वर चढून रेडिएटर काठोकाठ भरतं. पंप नाही, झडप नाही, कुणी कळशी उचलली नाही. पाणी बाहेर गेलं ते उष्णतेमुळे आणि परत आलं ते उष्णता निघून गेल्यामुळे. बिघाड ज्या कारणाने झाला तेच कारण उलटं फिरवून दुरुस्तीला जुंपायचं, ही करामत मी मोठमोठ्या यंत्रांतही क्वचित पाहिली आहे.

रचना म्हणून पाहिलं तर यात एकही भाग एकाच कामाचा नाही. नळी जाण्याची आणि तीच येण्याची. डब्यातलं पाणी वाफ निववतं, तेच साठा म्हणून उभं राहतं आणि तेच धोक्याची घंटाही वाजवतं. कारागिरीची कसोटी मात्र कडक. रेडिएटरच्या झाकणाचा वॉशर जरा जरी सैल असला, एखादा सांधा झिरपत असला, की पोकळी भरायला पाण्याऐवजी हवा घुसते आणि सगळा खेळ संपतो. नळीचं टोक डब्यात पाण्याच्या वर राहिलं तरी तेच. पूर्वार्ध ढिसाळ कामातही वठतो. उत्तरार्ध फक्त हवाबंद कामात.

दोषही सांगायला हवा. वारा पडलेला असेल तर डबा फार सावकाश काम करतो, आणि गाडी वाळूत का झगडते आहे या मूळ प्रश्नाला तो हात लावत नाही. त्याचं उत्तर चाकांत होतं. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो, कमी रुततो, इंजिनाचा भार उतरतो. पहाटेची गार वाळू त्यातल्या त्यात घट्ट असते, तेव्हा अंतर काटायचं. टेकडी चढायची तर पायथ्यापासूनच वेग घेऊन, मध्ये गिअर बदलत न बसता. ही पथ्यं पाळणाऱ्या ड्रायव्हरचा डबा दिवसभर गप्प राहील. मला तर वाटतं, उत्तम चालकाच्या गाडीवर त्याचा आवाज सगळ्यात कमी ऐकू येत असणार.

श्रेय सगळं बॅगनॉल्डला देणंही बरोबर नाही. पहिल्या महायुद्धात याच वाळवंटात ब्रिटिशांच्या लाइट कार पेट्रोल तुकड्या मॉडेल टी घेऊन गस्त घालत होत्या आणि वाफ परत मिळवण्याची युक्ती त्यांनाही ठाऊक होती. बॅगनॉल्डने ती लांबच्या पल्ल्यावर घासूनपुसून घेतली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटिश सेनापती जनरल वेव्हेलने त्याला लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभारायला सांगितलं. न्यूझीलंडच्या सैनिकांना घेऊन शेवरोले ट्रकवर ही तुकडी इटालियन फळीच्या मागे दूरवर हिंडली, तेव्हा त्या ट्रकांवरही हा डबा होता.

आज बऱ्याच गाड्यांचं बॉनेट उघडलं की MIN आणि MAX अशा खुणा असलेली प्लास्टिकची बाटली दिसते, ती याच घराण्यातली. रेडिएटर आता दाबबंद असतो. झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत उकळत नाही. दाब त्याहून वाढला की झाकणातली एक झडप उघडून कूलंट बाटलीत जातं. इंजिन निवलं की दुसरी, छोटी झडप उघडून ते परत ओढलं जातं. वाळूत गाडी तापली तर एसी बंद करायचा, तोंड वाऱ्याकडे करायचं, इंजिन थोडा वेळ सावकाश चालू ठेवायचं आणि गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, हे आजचे जाणते सांगतात. त्यातलं तोंड वाऱ्याकडे करणं थेट बॅगनॉल्डच्या काळातलं. बाटली सुबक आहे, पण ड्रायव्हरच्या अंगावर काही उडत नाही, ही मला तिची उणीव वाटते. आणि बाटली काठोकाठ पण रेडिएटर रिकामा, अशी गाडी गॅरेजात आली तर मुरलेला मेकॅनिक आधी झाकण काढून त्याचं रबर बोटाने चाचपतो. रबर कडक झालं असेल तर कूलंट बाटलीत जातं खरं, परत मात्र येत नाही. तेवढं झाकण बदललं की बरेचदा काम भागतं.