आवाजाचं मोल

२९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिलं. परवानगीवाचून एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करू देणारी साधनं हा त्यांच्या व्यक्तिमत्त्व-हक्काचा भंग आहे, असं न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी म्हटलं. २०२४ मध्ये अरिजित सिंग यांनाही असंच संरक्षण मिळालं होतं. आदेश योग्यच. आमचा आक्षेप त्याच्या पायाबद्दल आहे. तो उभा आहे प्रसिद्धीवर, नावाच्या बाजारमूल्यावर.

आता महाड-पोलादपूरकडे या. वाडीतली कर्ती माणसं मुंबई-पुण्याला, आणि घर चालतं फोनवरच्या आवाजावर. "आई, या नंबरवर पैसे टाक," असं लेकाच्याच आवाजात कोणी म्हणालं, तर ती काय आधार कार्ड मागणार? तो आवाज उचलायला भजनाचा एक रील पुरतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने तर माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती कक्षेबाहेरच ठेवलीय. रील टाकला की कवच गेलं! फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येतो, पण तो पैसे गेल्यावर.

आणि गेलेल्यांचं काय? तळियेवर २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली. काहीजण सापडलेच नाहीत, शेवटी शोध थांबवला. अशा माणसांचे आवाज कुणाकुणाच्या व्हॉट्सॲपवर उरलेले असतात. उद्या एखादी कंपनी त्यांना बोलतं करून देईल. घरच्यांना ते हवंसं वाटलं, तर त्यांना नावं ठेवणारे आम्ही कोण? मृत्यूनंतर आपले हक्क कोणी बजावायचे, ते नेमायची सोय कायद्यात आहे खरी, पण कायदा आला २०२३ मध्ये. तेव्हा कंपनीने संमती मागितलीच, तर ती मागेल फोन ज्याच्या हाती उरला त्याच्याकडे.