थट्टेचे नाते आणि दलित समीक्षा

दलित साहित्यावरील समीक्षेत वेदना, नकार आणि विद्रोह हे तीन शब्द आता इतके रुळले आहेत, की विद्यार्थ्याने पुस्तक न वाचताही ते उत्तरपत्रिकेत लिहावेत आणि परीक्षकाने पुस्तक न आठवताही त्यांना गुण द्यावेत. हे शब्द खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्यानंतरच्या काळात प्रस्थापित समीक्षेने आमच्या लेखनाला 'आक्रस्ताळे', 'कलाहीन' अशी दूषणे दिली, तेव्हा याच शब्दांनी ढालीचे काम केले. परंतु ढाल सतत डोळ्यांसमोर धरली म्हणजे समोरचे दिसत नाही. आमच्या आत्मकथनांतून, कथांतून माणसे रडतात आणि पेटून उठतात, हे आम्ही दाखवले. ती माणसे हसतात, एकमेकांची टोपी उडवतात, तासन्‌तास काहीही कामाचे बोलत नाहीत, हे मात्र आम्ही पाहिलेच नाही.

या लेखात मला या बिनकामाच्या बोलण्याविषयी लिहायचे आहे. दोस्तांच्या गप्पा, रोजची चौकशी, ज्याला शिष्ट मराठीत 'पाचकळ' आणि आमची मुले 'पांचट' म्हणतात तो विनोद, हा साहित्यविचाराचा विषय होऊ शकतो काय? मला वाटते, होऊ शकतो. इतकेच नव्हे, तर जातीच्या प्रश्नाची एक कठोर कसोटी त्यातच आहे.

प्रथम साधे उदाहरण घेऊ. सोलापूर हे मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चार भाषांचे शहर. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, तरी हातमाग, यंत्रमाग आणि विडी कारखान्यांनी जमवलेली ही मिसळ टिकून आहे. या शहराची ओळख एका अक्षरात सांगायची तर ते अक्षर 'बे'. 'काय बे', 'बस बे', 'चल बे'. हे संबोधन बरोबरीच्याला लागते. वडिलांना, गुरुजींना, साहेबांना कोणी 'बे' म्हणत नाही. म्हणजे कोण कोणाला 'बे' म्हणू शकतो आणि ऐकणारा उलट 'काय बे' म्हणू शकतो की नाही, यावरून दोघांतील अंतर मोजता येते. जुन्या गावगाड्यात सवर्णांचे शेंबडे पोर म्हाताऱ्या महाराला 'अरे' म्हणत होते आणि म्हातारा 'जोहार मायबाप' म्हणत होता. तेथे एकेरी होती, पण सलगी नव्हती. सलगीला परतीची वाट लागते.

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन याने १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. काही नात्यांत एकमेकांची थट्टा करण्याची मुभा असते, किंबहुना ती अपेक्षितच असते, आणि ऐकणाऱ्याने राग मानायचा नसतो. कधी ही थट्टा दोन्ही बाजूंनी चालते, कधी एकाच बाजूने, हेही त्याने नोंदवले. आपल्याकडे हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नव्हती. मेहुणा-मेहुणी, दीर-भावजय, आजा-नातू ही आपली थट्टेची नाती. त्यांतील बरीचशी नाती लग्नसंबंधातून येतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवले. मग हिशेब सरळ आहे. जेथे सोयरीक नाही तेथे मेहुणा नाही, आणि जेथे मेहुणा नाही तेथे थट्टेचे नातेही नाही. तेथे उरते ती टवाळी.

थट्टा आणि टवाळी या दोन शब्दांतील हा फरक समीक्षेने वापरायला हवा. जिची परतफेड करता येते ती थट्टा. जिची परतफेड करता येत नाही ती टवाळी. 'सरकारी जावई' हा शब्दप्रयोग पाहा. राखीव जागेवर शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या माणसाला उद्देशून तो कार्यालयांत, स्टाफरूममध्ये हसत हसत वापरला जातो. बोलणारा म्हणतो, 'अहो, गंमत केली, मनावर घेऊ नका.' पण या गमतीचा शब्द तरी बघा! ज्या घरात आमचा मुलगा जावई म्हणून कधी उंबरठा ओलांडू शकणार नाही, त्या घराने आम्हांला जावई म्हणावे. जे नाते द्यायचे नाही त्याच नात्याचे नाव टोमणा म्हणून वापरायचे. या एका विनोदात जातिव्यवस्थेचा पोलादी नियम आणि त्यावरील हसू, दोन्ही आहेत. आणि ऐकणाऱ्याने काय करायचे? हसला तर स्वतःवर हसला, रागावला तर 'यांना विनोद कळत नाही'.

'यांना विनोद कळत नाही' हा आरोप २०१२ साली मोठ्या आवाजात झाला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र होते. संविधान नावाच्या गोगलगायीवर चाबूक घेतलेले बाबासाहेब बसले आहेत, मागे नेहरूंनी चाबूक उगारला आहे आणि भोवती लोक बघत आहेत. त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र मागे घेतले, सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन करता येणार नाही. पुस्तकाशी वाद पुस्तकानेच घातला पाहिजे. तसा तो पुढे घातलाही गेला. उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरील शंभराहून अधिक व्यंगचित्रे गोळा करून २०१९ साली 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक सिद्ध केले आणि त्या काळचे वृत्तपत्रीय हसू कोणाच्या ओठांवरचे होते, हे चित्रागणिक उलगडून दाखवले. मला त्यात शिक्षक म्हणून एक गोष्ट जोडावीशी वाटते. व्यंगचित्र वर्तमानपत्रात एकट्याने पाहिले जाते. वर्गात ते साठ मुलांनी एकदम पाहायचे असते. त्यांतील चार-पाच जणांना उरलेल्यांच्या हसण्याचा अर्थ आपापल्या अनुभवाने लावावा लागतो. मधल्या सुट्टीत त्यांना कोणी 'बे' म्हणत असेल, डब्यातला घास देत असेल, तर ते चित्र एक. नसेल तर ते चित्र दुसरे. विनोद कळण्याचा प्रश्न येथे नाहीच. थट्टेचे नाते आहे की नाही, हा प्रश्न आहे.

आमच्या हसण्याचा इतिहास काही नवा नाही. तमाशातील सोंगाड्या बतावणीत राजाला, पाटलाला, सावकाराला उघडे पाडत असे. परंतु ती मुभा रात्रीपुरती होती. दिवस उजाडला की तोच सोंगाड्या वेसकर होऊन पाटलापुढे उभा. रात्री हसलेला पाटील सकाळी त्याच्या सावलीलाही धरत नव्हता. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी हीच बतावणी उचलली, तिच्यातील अश्लीलता काढली आणि तिला दिवसाउजेडी आणले. सोंगाड्याचा विनोद हा मालकाच्या करमणुकीतून सुटून स्वतःच्या माणसांच्या शहाणपणाकडे गेला, हे स्थित्यंतर मोठे आहे. अण्णा भाऊ साठ्यांच्या लोकनाट्यांत त्याचा पुढचा टप्पा दिसतो. वामन होवाळांच्या कथाकथनाला श्रोते पोट धरून हसत. पण होवाळांवर समीक्षा लिहिताना आम्ही त्या हसण्याला 'उपरोध' असे सभ्य नाव देऊन पुढे सरकलो.

आत्मकथनांकडे याच दृष्टीने पुन्हा गेले पाहिजे. 'बलुतं' १९७८ साली आले. दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली हकीकत सांगतो, अशी त्याची रचना. म्हणजे हे पुस्तक मुळात बोलणे आहे. शिकलेल्या माणसाने आपल्याच आतल्या न शिकलेल्या दोस्ताशी मारलेल्या गप्पा. उर्मिला पवारांच्या 'आयदान'च्या (२००३) आरंभीच डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बाया आहेत. रस्ता अवघड, ओझे जड, आणि तोंडाची टकळी चालू. एकमेकींची चेष्टा करीत त्या डोंगर उतरतात. ही चेष्टा काढून घ्या. ओझे तेवढेच राहील, पण वाट पुरी होणार नाही. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्याच्या दैन्याचे वर्णन करणारी लेखणी तिरकी होते, अंधश्रद्धेला चिमटे काढते. वाचक म्हणून आपण तेथे गंभीर चेहरा करून बसतो, कारण दुःखाच्या पुस्तकात हसणे पाप, असे आपल्याला वाटते. लेखिकेला मात्र तसे वाटलेले नाही.

शरणकुमार लिंबाळे हे आमच्या जिल्ह्यातील हन्नूरचे. 'अक्करमाशी'तून (१९८४) त्यांनी भुकेला जी भाषा दिली तिच्याविषयी नव्याने सांगायला नको. पुढे १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथात त्यांनी आनंदवादी सौंदर्यविचार दलित साहित्याला लागू पडत नाही, अशी भूमिका घेतली. दुसऱ्याच्या यातनांचा रसिकतेने आस्वाद घेणारा जो वाचक, त्याच्याविरुद्ध ही भूमिका रास्तच आहे. पण तिच्यापुढे एक प्रश्न मांडला पाहिजे. रसिकाचा आनंद नाकारला, ठीक. मग आपल्याच माणसांनी आपसांत घेतलेल्या आनंदाचे काय? तो कोणत्या खात्यावर लिहायचा?

एक विनोद सांगतो. वस्तीवरच्या पोरांचा आहे, आणि पाचकळच आहे.

'जेवलास का बे?'
'जेवलो की. भाकरी खाल्ली.'
'कोरड्यास काय होतं?'
'शेजारच्या घरचा वास.'

समीक्षक म्हणून मला यातून पुष्कळ काढता येईल. दारिद्र्य, शेजारच्या घरी शिजणारे आपल्या घरी नसणे, भुकेवर मात करणारी विनोदबुद्धी इत्यादी. हे सारे त्यात आहेही. परंतु त्याच पोरांचा दुसरा विनोद घ्या. 'ऊन किती आहे बे?' 'मोजायला गेलेला अजून परत आला नाही.' यातून काय काढणार? काही नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि दोन रिकामटेकडी पोरे. माझे म्हणणे असे, की पहिल्या विनोदाइतकेच मोल या दुसऱ्याला आहे. दलित माणसाने बोलावे ते एक तर दीनपणे, नाही तर संतापून, अशी समाजाची अपेक्षा आहे; आणि ही अपेक्षा आमच्या समीक्षेनेही नकळत मान्य केली. निरर्थक बोलण्याचा हक्क फक्त पांढरपेशांना. 'बटाट्याची चाळ'मधल्या माणसांच्या फुकाच्या गप्पांना मराठीने साहित्य मानले. त्यांनी काही सिद्ध करावे, अशी अट घातली नाही. मग आमच्या पोराने प्रत्येक वाक्यात इतिहासाचे ओझे का वाहावे?

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त लोकशाहीचा अर्थ केवळ राज्यपद्धती असा न करता एकत्रित जगण्याची, अनुभवांच्या देवाणघेवाणीची रीत असा केला. बंधुता हा शब्द आपण भाषणांत तिसऱ्या क्रमांकावर घाईने उच्चारतो. प्रत्यक्षात ती कोठे घडते? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. इतिहासात तारीख उरते. पण गावोगावच्या महारवाड्यांतून आलेली, घाबरलेली मुले एका खोलीत राहू लागली, तेव्हा ती भाषणे ऐकून एकत्र आली नसणार. दिवा मालवल्यावर एकाने काहीतरी वेडगळ बोलावे आणि अंधारात सगळ्यांनी हसावे, अशानेच परके परके राहत नाहीत. आज ही खोली हातातल्या फोनवर आली आहे. सकाळी 'जय भीम', त्यानंतर कोणाची तब्येत, कोणाची बदली, आणि मग दिवसभर पांचटपणा. चळवळीतले जुने कार्यकर्ते त्यावर चिडतात, 'वेळेचा अपव्यय' म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण मोर्च्याला माणूस येतो तो पत्रकामुळे कमी आणि दोस्ताने 'येतोस का बे' म्हटले म्हणून जास्त, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

मात्र आपल्या कट्ट्याला मोकळा परवाना देऊन मला हा लेख संपवायचा नाही. वर सांगितलेली कसोटी आपल्यालाही लागू आहे. आपल्या विनोदांतील किती विनोद बायकोवर, बाईच्या रंगावर आणि शरीरावर आहेत? त्या कट्ट्यावर बाई बसलेली असते काय, आणि बसली तर तिला उलट बोलता येते काय? महाराने मांगावर, चांभाराने ढोरावर, या पोटभेदांवर जे बोलले जाते ते थट्टा की टवाळी? गावाने आम्हांला जे केले तेच आम्ही आमच्या खालच्या पायरीवर करीत असू, तर ते हसू आमचे नव्हे. ते पाटलाच्या वाड्यातून उसने आणलेले आहे. सवर्णांचा 'सरकारी जावई' आम्हांला झोंबतो आणि आमच्या कट्ट्यावरची बाईची टवाळी झोंबत नाही, अशी सोयीची कातडी आंबेडकरी माणसाला शोभत नाही.

म्हणून समीक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, चळवळीतल्या बायांशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा ग्रंथ उभा केला. त्या बोलण्यातून, कोणत्याही दप्तरात नसलेला इतिहास मिळाला. तसेच वस्तीवरचे, विडी कारखान्यातले, वसतिगृहातले हसणे नोंदवले पाहिजे. विनोद कोणी केला, कोणावर केला, तो तेथे हजर होता काय, आणि त्याने उलट काय उत्तर दिले, एवढे चार प्रश्न वहीत घालून बसावे. मराठी विभागांतून दलित आत्मकथनांवर दरवर्षी प्रबंध सादर होतात आणि बहुतेकांच्या अनुक्रमणिका सारख्याच असतात. त्यांत एक प्रकरण या हसण्याचे पडले, तर निदान परीक्षकाला पुस्तक पुन्हा उघडून पाहावे लागेल.