यादीतील वर्ष आणि रसिकाचे वर्ष : २००१ मधील गॅरेज रॉकच्या संदर्भात

प्रस्तावना

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या समीक्षेत वर्षअखेरीस उत्तम अल्बमांची यादी प्रसिद्ध करण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. न्यूयॉर्कचे ‘व्हिलेज व्हॉइस’ हे नियतकालिक त्यासाठी समीक्षकांचे मतदान घेत असे. ब्रिटनमधील ‘एनएमई’ हे साप्ताहिकही आपली स्वतंत्र यादी देत असे. या याद्यांमध्ये वर्षाची सीमा प्रकाशनाच्या दिनांकावरून ठरते. रसिकाच्या श्रवणाची सीमा मात्र तशी ठरत नाही. एखादी नवी तबकडी त्याला तीस वर्षांपूर्वीच्या तबकडीकडे नेते आणि ती जुनी तबकडीही त्याच्या त्या वर्षाचाच भाग बनते. इंडी व गॅरेज रॉकच्या रसिकांच्या दृष्टीने २००१ हे वर्ष या संदर्भात विशेष अभ्यसनीय आहे. त्या वर्षी गॅरेज रॉकचे ‘पुनरुज्जीवन’ झाले, असे सर्वत्र लिहिले गेले. ज्याचे पुनरुज्जीवन झाले असे मानले जाते, ते खरोखर निष्प्राण झाले होते काय आणि यादीने त्याचा कोणता वारसा दृष्टीआड केला, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञेची घडण

१९६० च्या दशकात अमेरिकेतील अनेक किशोरवयीन मुलांनी घराच्या मोटारखान्यात सराव करून बँड उभे केले. मोजके स्वर-संघात, जाणीवपूर्वक खरखरीत केलेला गिटारचा आवाज, स्वस्तातील ध्वनिमुद्रण आणि अनघड पण आवेगपूर्ण गायन ही त्यांच्या संगीताची लक्षणे होत. त्या काळी या संगीताला स्वतंत्र नाव नव्हते. १९७२ मध्ये लेनी के या संगीतलेखकाने इलेक्ट्रा कंपनीसाठी ‘नगेट्स’ हे दोन तबकड्यांचे संकलन सिद्ध केले आणि विखुरलेल्या, विस्मृतीत जाऊ पाहणाऱ्या गीतांना एका परंपरेचे रूप आले. एका रसिकाच्या निवडक स्मृतीने या संगीतप्रकाराला आकार दिला, ही बाब येथे महत्त्वाची आहे. जो प्रकार स्मृतीतून घडतो, त्याच्या बाबतीत विस्मृतीही तितकीच निर्णायक ठरते.

‘इंडी’ ही संज्ञा मूलतः उत्पादनव्यवस्थेशी निगडित आहे. मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या लहान प्रकाशनसंस्था असा तिचा मूळ अर्थ होय. लंडनमधील ‘रफ ट्रेड’ हे दुकान १९७६ मध्ये सुरू झाले आणि १९७८ पासून ते तबकड्याही प्रकाशित करू लागले. पुढे ‘इंडी’ ही संज्ञा शैलीवाचक झाली. तरीही व्यवस्थेचा तो मूळ संदर्भ रसिकाच्या अभिरुचीत टिकून राहिला.

यादीतील २००१

‘एनएमई’ने २००१ चा सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून न्यूयॉर्कच्या ‘द स्ट्रोक्स’ या बँडच्या ‘इज धिस इट’ची निवड केली. ‘व्हिलेज व्हॉइस’च्या मतदानात बॉब डिलन यांच्या अल्बमखालोखाल त्याला दुसरे स्थान मिळाले. अकरा गीतांचा आणि सुमारे छत्तीस मिनिटांचा हा अल्बम गॉर्डन राफाएल यांनी मॅनहॅटनमधील आपल्या तळघरातील स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. गायकाचा आवाज एका लहान अॅम्प्लिफायरमधून नेऊन मुद्दाम धूसर केलेला आहे. दोन गिटार एकमेकींना छेद न देता घड्याळाच्या काट्यांसारख्या नेमक्या अंतराने चालतात. वरवर बेफिकीर भासणारी ही रचना प्रत्यक्षात अत्यंत काटेकोर आहे आणि तिचे यशही या काटेकोरपणातच आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अल्बमच्या अमेरिकी सीडीचे प्रकाशन ऑक्टोबरपर्यंत लांबले आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांवरील एक गीत त्यातून वगळण्यात आले. परिणामी दोन देशांतील श्रोत्यांनी एकाच नावाचा अल्बम काहीशा भिन्न रूपांत ऐकला.

‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या डेट्रॉइटच्या द्वयीचा ‘व्हाइट ब्लड सेल्स’ हा अल्बम त्याच वर्षी जुलैमध्ये आला. मेम्फिस येथे काही दिवसांतच त्याचे ध्वनिमुद्रण पूर्ण झाले होते. गिटार, ढोल व गायन एवढ्यावरच मुख्य भिस्त ठेवून आणि बास गिटार वर्ज्य करून या द्वयीने मर्यादेलाच शैलीचे रूप दिले. अनेक श्रोत्यांना हे नाव नवे वाटले, तरी हा त्यांचा तिसरा अल्बम होता आणि तिन्ही अल्बम एकाच लहान संस्थेने प्रकाशित केले होते. स्वीडनमधील फागेर्स्टा या गावच्या ‘द हाइव्ज’ या बँडची स्थितीही अशीच होती. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये गाजलेला त्यांचा अल्बम मुळात आधीच्या वर्षांत प्रकाशित झालेल्या गीतांचे संकलन होता. ‘पुनरुज्जीवन’ म्हणून जे ओळखले गेले, ते बऱ्याच अंशी प्रसिद्धिमाध्यमांचे उशिरा लक्ष जाणे होते, असे यावरून दिसून येते.

यादीबाहेरील २००१

याच वर्षी, याच डेट्रॉइट शहरातून ‘द डर्टबॉम्ब्ज’ या बँडचा ‘अल्ट्राग्लाइड इन ब्लॅक’ हा अल्बम ‘इन द रेड’ या लहान संस्थेने प्रकाशित केला. वर उल्लेखिलेल्या दोन्ही याद्यांच्या पहिल्या दहांत तो नाही. बँडचे प्रमुख मिक कॉलिन्स हे कृष्णवर्णीय कलावंत. एका स्वतंत्र गीताचा अपवाद वगळता या अल्बममध्ये स्टीव्ही वंडर, मार्विन गे, कर्टिस मेफील्ड, स्लाय स्टोन आदी कृष्णवर्णीय संगीतकारांच्या गीतांची पुनर्रचना आहे. दोन ढोलवादक, दोन बासवादक आणि खरखरीत गिटार अशा घनदाट नादातून ही गीते पुन्हा उभी राहतात. मूळ गीतांतील वाद्यमेळाची सुबकता येथे नाही. तिची जागा घाईने, जवळजवळ धक्काबुक्कीने पुढे जाणाऱ्या लयीने घेतली आहे. काही ठिकाणी या घनतेत मूळ चालीची नजाकत हरवते, हेही मान्य करावे लागते.

तथापि या अल्बमचे महत्त्व केवळ पुनर्रचनेच्या कौशल्यात नाही. गॅरेज रॉक ही उपनगरातील गोऱ्या मुलांची निर्मिती होय, या रूढ समजुतीला तो संगीताच्याच भाषेत उत्तर देतो. या प्रकाराचे आद्यगीत म्हणून ज्याचा वारंवार उल्लेख होतो, ते ‘लुई लुई’ पोर्टलंडच्या ‘द किंग्जमेन’ या बँडने १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित केले. त्याचे मूळ कर्ते मात्र लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय गायक रिचर्ड बेरी होत. त्यांनी ते १९५७ मध्येच प्रकाशित केले होते आणि पुढे अल्प रकमेत त्याचे हक्क विकले होते. १९६६ मध्ये ‘९६ टिअर्स’ या गीताने अमेरिकेत अग्रस्थान मिळवणारा ‘क्वेश्चन मार्क अँड द मिस्टीरियन्स’ हा बँड मिशिगनमधील मेक्सिकन-अमेरिकी तरुणांचा होता. वारसा मुळात मिश्र होता. त्याचे कथन मात्र एकरंगी झाले.

कॉलिन्स यांच्या पूर्वीच्या ‘द गोरीज’ या बँडचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा लागतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेट्रॉइटमध्ये स्थापन झालेल्या या त्रयीत दोन गिटार व ढोल होते, बास नव्हता. ढोलवादनाची बाजू एक स्त्री सांभाळत होती. ‘द व्हाइट स्ट्राइप्स’च्या ज्या रचनेचे २००१ मध्ये अपूर्व म्हणून कौतुक झाले, तिचे पूर्वरूप त्याच शहरात दशकभर आधी ऐकू येत होते. यात ‘द व्हाइट स्ट्राइप्स’चा दोष नाही. त्यांनी सन हाउस या ब्लूज गायकाचे गीत २००० च्या अल्बममध्ये उघडपणे गायले होते आणि जॅक व्हाइट यांनी आपल्या घरी ध्वनिमुद्रित करून २००१ मध्ये सिद्ध केलेल्या डेट्रॉइटच्या बँडांच्या संकलनात ‘द डर्टबॉम्ब्ज’चाही समावेश होता. कलावंतांनी ऋण मान्य केले होते. त्यांच्याविषयीच्या लेखनात ते पुसट झाले. स्वतः कॉलिन्स यांनी आपल्या संगीताला ‘गॅरेज’ म्हणण्यास वारंवार नकार दिला, याचा अर्थही या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो.

रसिकाची जबाबदारी

यादीच्या या त्रुटीवर रसिकाचे श्रवण हा आपोआप उपाय ठरत नाही. इंडी रसिकतेला दुर्मीळतेचा मोह असतो. ‘आपण आधी ऐकले’ या समाधानाला तो अनेकदा मूल्यनिर्णय समजतो आणि बँड लोकप्रिय होताच त्याच्याकडे पाठ फिरवतो. ‘इज धिस इट’ लोकप्रिय झाला म्हणून उणा ठरत नाही आणि ‘अल्ट्राग्लाइड इन ब्लॅक’ दुर्लक्षित राहिला म्हणून श्रेष्ठ ठरत नाही. दोन्ही अल्बमांची परीक्षा श्रवणातूनच व्हावयास हवी.

त्या वर्षी श्रवणाची साधनेही बदलत होती. न्यायालयीन आदेशानंतर जुलैमध्ये नॅपस्टरची सेवा बंद पडली आणि ऑक्टोबरमध्ये आयपॉड जाहीर झाला. ‘नगेट्स’चा अमेरिकेबाहेरील बँडांना वाहिलेला दुसरा संच ऱ्हायनो कंपनीने याच वर्षी काढला. जुने आणि नवे शेजारी ठेवून ऐकणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले. आज ते कमालीचे सुलभ आहे. मात्र उपलब्धता म्हणजे स्मृती नव्हे. कोणते गीत कोणत्या गीताशेजारी ठेवावयाचे, हा निर्णय विवेकानेच घ्यावा लागतो.

समारोप

२००१ च्या गॅरेज रॉकमध्ये अस्सल चैतन्य होते, याविषयी दुमत संभवत नाही. परंतु ते शून्यातून आलेले नव्हते आणि मृतावस्थेतूनही उठलेले नव्हते. ते लहान संस्था, स्थानिक मंच आणि पूर्वसूरींचे ऋण जाणणारे कलावंत यांनी अखंड सांभाळलेले होते. प्रकाशनाच्या दिनांकाशी बांधलेली यादी हे सातत्य नोंदवू शकत नाही. ते नोंदवण्याचे काम रसिकाचे वर्ष करू शकते. मात्र त्यासाठी रसिकाने गीत कोणाकडून कोणाकडे आले आणि त्या प्रवासात कोणाचे नाव गळले, हा प्रश्न सोडता कामा नये. ‘लुई लुई’ ऐकताना ‘द किंग्जमेन’सोबत रिचर्ड बेरी यांचेही नाव घेणे हा सौजन्याचा भाग नाही, ते गीत पूर्णपणे ऐकण्याचीच ती अट आहे.